वैद्यकीय प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज : वैद्य व औषधविक्रेत्यांसाठी मार्गदर्शन

प्रास्ताविक

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील दुसरा अध्याय 'शिष्योपनयनीय' होय. शास्त्राध्ययनासाठी आलेल्या शिष्याची परीक्षा कशी करावी व त्याचा स्वीकार कसा करावा, याचा विचार तेथे आहे. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात या विषयाची दुसरी बाजूही सांगितली आहे. शिष्यानेही प्रथम शास्त्राची व त्यानंतर आचार्यांची परीक्षा करावी, असा त्याचा आशय आहे. आज ही उभयपक्षी परीक्षा संगणकाच्या पडद्यावर, ठरावीक मुदतीत आणि ठरावीक रकान्यांत होते. गुरु-शिष्यांची भेट होण्यापूर्वी अर्ज भरला जातो आणि अर्जातील एका चुकीने ती भेट वर्षभर लांबू शकते.

ग्रामीण व तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या आपणा वैद्यांकडे व औषधविक्रेत्या बंधूंकडे दरवर्षी रुग्णांची, शेजाऱ्यांची मुले 'नीट'चा अर्ज घेऊन येतात. 'डॉक्टर, तुम्ही यातले जाणते' ही त्यांची श्रद्धा असते. वास्तविक आपल्यापैकी बहुतेकांनी प्रवेश घेतला तो छापील अर्ज रांगेत उभे राहून आणण्याच्या काळात. म्हणून हा विषय आपण नव्याने समजून घेणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखाचा तोच हेतू आहे.

एक अनुभव

आमच्या दवाखान्यात अनेक वर्षे औषधे देणाऱ्या सहकाऱ्यांची कन्या 2021 साली नीट परीक्षेस बसली. तिचा अर्ज गावातील एका संगणक केंद्रात भरला गेला. त्या सायंकाळी आम्ही बाह्यरुग्णांच्या गर्दीत होतो. 'फॉर्म भरून झाला ना? मग आता काळजी नको', एवढेच आम्ही विचारले व सांगितले. पुढे गुण चांगले आले. राज्यातील बीएएमएस प्रवेशास पुरेसे वाटावेत असे ते होते. घरची मंडळी 'कॉलेजचा मेसेज येईल' म्हणून थांबली. मेसेज आला नाही, येणारच नव्हता. राज्याच्या प्रवेशप्रक्रियेची नोंदणी स्वतंत्रपणे करावी लागते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. नीटच्या अर्जातील भ्रमणध्वनी क्रमांकही केंद्रचालकाचा होता. चौकशी झाली तेव्हा नोंदणीची मुदत संपून गेली होती.

दोष केंद्रचालकाचा होता असे म्हणून आम्हाला मोकळे होता येत नाही. 'काळजी नको' हे शब्द आमचे होते आणि त्या घराने ते वैद्याचे शब्द म्हणून मानले. मुलीच्या वडिलांनी आम्हाला एका शब्दाने दोष दिला नाही. दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळी येऊन पुड्या बांधू लागले. मुलीने पुन्हा परीक्षा दिली, तिला प्रवेश मिळाला आणि आज ती आयुर्वेद शिकत आहे. परंतु तिचे एक वर्ष गेले. त्यानंतर आम्ही प्रतिवर्षी संपूर्ण माहितीपत्रक स्वतः वाचू लागलो. पुढील विवेचन त्या वाचनातून व प्रत्यक्ष मदतीतून आले आहे.

तीन अर्ज, तीन दारे

सर्वप्रथम पालकांच्या मनात ठसवावयाची गोष्ट ही की, नीटचा अर्ज हा परीक्षेचा अर्ज आहे, प्रवेशाचा नव्हे. प्रवेशाची दारे पुढे आहेत.

पहिला अर्ज नीट-यूजी परीक्षेचा. ही परीक्षा 2019 पासून नॅशनल टेस्टिंग एजन्सी घेते. एमबीबीएसप्रमाणेच बीएएमएस, बीएचएमएस व बीयूएमएस यांसाठीही हेच गुण धरले जातात.

दुसरा अर्ज अखिल भारतीय कोट्याचा. शासकीय व अनुदानित आयुष महाविद्यालयांतील 15 टक्के जागांसाठी, तसेच राष्ट्रीय संस्था व अभिमत विद्यापीठांतील जागांसाठी आयुष मंत्रालयाच्या केंद्रीय समुपदेशन समितीकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. एमबीबीएसची केंद्रीय समिती वेगळी आहे.

तिसरा अर्ज राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेचा. आपल्या भागातील बहुसंख्य मुले याच दाराने आत जातात. येथे नोंदणी, कागदपत्रे चढविणे व पसंतीक्रम भरणे असे टप्पे असतात. एमबीबीएस-बीडीएस आणि आयुष अभ्यासक्रम यांचा पसंतीक्रम स्वतंत्रपणे भरावा लागतो. पहिल्या गटाचा क्रम भरून दुसरा विसरणारी मुले आम्ही पाहिली आहेत.

अर्जापूर्वीची सिद्धता

औषधनिर्मितीत द्रव्यसंग्रह आधी व अग्निसंस्कार नंतर. अर्जाचेही तसेच आहे. संकेतस्थळ सुरू झाल्यावर दाखले गोळा करणे म्हणजे चुलीवर पाणी ठेवून काढ्याची द्रव्ये शोधावयास जाणे.

1. दहावीची गुणपत्रिका व प्रमाणपत्र : नाव व जन्मतारीख यांचा आधार हाच. त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला विद्यार्थ्याची 17 वर्षे पूर्ण झालेली असावीत.

2. राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र : राज्य कोट्यासाठी आवश्यक. सर्वसाधारणपणे दहावी व बारावी महाराष्ट्रातून झालेली असणे हीदेखील अट असते.

3. जात प्रमाणपत्र व जात वैधता प्रमाणपत्र : वैधता जिल्हा पडताळणी समितीकडून मिळते व तिला महिने लागू शकतात. मूल अकरावीत असतानाच प्रस्ताव पाठविण्याचा सल्ला द्यावा.

4. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र : त्याची मुदत प्रवेशवर्षाअखेरच्या 31 मार्चपर्यंत आहे काय, हे पाहावे. केंद्राचा नमुना व राज्याचा नमुना भिन्न आहेत. दोन्ही काढून ठेवावेत.

5. विद्यार्थ्याचा अथवा पालकांचा स्वतःचा भ्रमणध्वनी क्रमांक व ईमेल : प्रवेश पूर्ण होईपर्यंत हा क्रमांक बंद पडू देऊ नये. संकेतशब्द वहीत लिहून घरी ठेवावा. दवाखान्यात किंवा दुकानात अर्ज भरून दिला, तरी आपला क्रमांक त्यात घालण्याचा मोह टाळावा.

अर्जातील रकाने : कोठे चूक होते

नाव : राज्य मंडळाच्या दहावीच्या गुणपत्रिकेत आडनाव प्रथम येते. आधारपत्रावर बहुधा स्वतःचे नाव प्रथम असते. एकाच मुलीची अशी दोन नावे झाली की पडताळणीच्या वेळी अडचण उद्भवते. अर्जात नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच लिहावे आणि आधारपत्रातील तफावत आधीच दुरुस्त करून घ्यावी.

प्रवर्ग : हा सर्वाधिक चुकीचा रकाना. नीटच्या अर्जात केंद्राचे प्रवर्ग असतात. राज्याचे विमुक्त जाती, भटक्या जमाती 'ब', 'क', 'ड' व विशेष मागास प्रवर्ग असे विभाग तेथे नसतात. अशा विद्यार्थ्याने आपल्या जातीचे नाव केंद्रीय इतर मागासवर्ग यादीत आहे काय हे पाहून, असल्यास तो प्रवर्ग निवडावा. राज्याच्या 2024 च्या कायद्याने दिलेला सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गही केंद्राच्या अर्जात नाही. त्या विद्यार्थ्याने तेथे सर्वसाधारण अथवा, निकषांत बसत असल्यास, आर्थिक दुर्बल घटक हा प्रवर्ग भरावा. राज्याच्या अर्जात मात्र राज्याचा प्रवर्ग नोंदवावा. दोन अर्जांत दोन भिन्न प्रवर्ग दिसले म्हणून पालक घाबरतात. त्यात गैर काही नाही.

भाषा : प्रश्नपत्रिका 13 भाषांत उपलब्ध असते व त्यांत मराठी आहे. मराठी निवडणाऱ्यास इंग्रजीसह द्वैभाषिक प्रश्नपुस्तिका मिळते आणि अर्थभेद झाल्यास इंग्रजी पाठ प्रमाण मानला जातो. आपल्या राज्यात अकरावी-बारावीचे विज्ञान बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून शिकविले जाते. त्यामुळे केवळ मातृभाषेच्या प्रेमापोटी मराठी निवडलेल्या मुलास 'ऊतक', 'प्रथिनसंश्लेषण' हे शब्द परीक्षागृहात प्रथमच भेटतात. मुलाने अभ्यास कोणत्या भाषेत केला, हे विचारून मगच रकाना भरावा.

छायाचित्र : पांढरी पार्श्वभूमी, दोन्ही कान व चेहरा स्पष्ट. त्याच छायाचित्राच्या जास्तीच्या प्रती काढून ठेवाव्यात. परीक्षेच्या दिवशी व प्रवेशाच्या वेळी त्याच लागतात. आकारमानाचे नियम प्रतिवर्षी माहितीपत्रकात पाहावेत.

शुल्क : 2025 साली सर्वसाधारण प्रवर्गास 1700, आर्थिक दुर्बल घटक व इतर मागासवर्गास 1600 आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांस 1000 रुपये शुल्क होते. पैसे खात्यातून गेले म्हणजे अर्ज पूर्ण झाला असे नव्हे. पुष्टीपत्र हाती येईपर्यंत संगणकासमोरून उठू नये. दुरुस्तीसाठी नंतर अल्प मुदत मिळते, परंतु सर्व रकाने दुरुस्त करता येत नाहीत.

पसंतीक्रम : येथे वैद्यांचे खरे काम

वरील सर्व कामे एखादा दक्ष कारकूनही करील. पसंतीक्रमाच्या वेळी मात्र वैद्याच्या सल्ल्याचे मोल आहे, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहितो.

जागावाटप गुणवत्ता व पसंतीक्रम यांवर होते. गतवर्षीचे शेवटचे गुण पाहून 'हे मिळणार नाही' म्हणून आवडते महाविद्यालय खाली टाकण्यात काहीच लाभ नाही. खरी इच्छा ज्या क्रमाने आहे त्याच क्रमाने नावे लिहावीत. जेथे प्रवेश घ्यावयाचाच नाही, ते नाव यादीत घालू नये. वैद्यकीय प्रवेशातील 70:30 हे प्रादेशिक सूत्र 2020 मध्ये रद्द झाले आहे. 'आपल्या विभागाबाहेर लिहून उपयोग नाही' ही जुनी समजूत पालकांच्या मनातून काढून टाकावी.

खासगी महाविद्यालयांत संस्थात्मक कोटा असतो. त्याचे शुल्क वेगळे, बहुधा बरेच अधिक असते. शुल्क नियामक प्राधिकरणाने मान्य केलेले आकडे पालकांना आधी दाखवावेत. जुलै 2024 च्या शासननिर्णयाने 8 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. परंतु ती केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशासाठी आहे, संस्थात्मक कोट्यासाठी नाही. एका चुकीच्या रकान्याने शेतकरी कुटुंबावर कर्जाचा बोजा पडू शकतो.

महाविद्यालयाची परीक्षा कशी करावी? त्या वर्षी राष्ट्रीय भारतीय वैद्यक पद्धती आयोगाची परवानगी आहे काय, हे प्रथम पाहावे. 2021 पासून जुन्या केंद्रीय परिषदेच्या जागी हा आयोग काम करीत आहे. त्यानंतर शक्य असल्यास मुलास घेऊन सकाळच्या वेळी तेथील रुग्णालयात जावे. बाह्यरुग्ण विभागात माणसे आहेत की केवळ नोंदवही भरलेली आहे? आंतररुग्णांच्या खाटांवर रुग्ण आहेत काय? पंचकर्माची द्रोणी तेलाने माखलेली आहे की धुळीने? वनौषधी उद्यानातील पाट्यांखाली झाडे जिवंत आहेत काय? औषधविक्रेते बंधूही येथे साहाय्य करू शकतात. कोणत्या महाविद्यालयाच्या परिसरात काष्ठौषधींना खरी मागणी आहे, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार?

मुलाशीही एकांतात बोलावे. एमबीबीएस हुकले म्हणून बीएएमएस, अशा खंतावलेल्या मनाने साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम व एक वर्षाची आंतरवासिता पार पाडणे कठीण जाते. पंचवीस वर्षांपूर्वी आमच्यापैकीही काहींची स्थिती तीच होती, हे मान्य केले पाहिजे. कोणाला शास्त्राची गोडी नंतर लागली, कोणाला लागलीच नाही. रुग्ण तपासताना आम्हाला काय मिळते व काय मिळत नाही, हे दोन्ही मुलास प्रामाणिकपणे सांगावे आणि निर्णय त्याच्यावर सोडावा.

पथ्यापथ्य

पथ्य : त्या वर्षीचे माहितीपत्रक संपूर्ण वाचणे, प्रत्येक टप्प्याच्या तारखा दिनदर्शिकेवर लिहिणे, प्रत्येक अर्जाच्या दोन छापील प्रती ठेवणे, निकालानंतर अधिकृत संकेतस्थळ दररोज पाहणे, अखेरच्या दिवसाच्या चार दिवस आधी काम संपविणे.

अपथ्य : संकेतशब्द परक्याच्या हाती देणे, 'जागा मिळवून देतो' म्हणणाऱ्यास पैसे देणे, ऐकीव माहितीवर विसंबणे, अपूर्ण दाखल्यांवर प्रवर्गाचा दावा करणे, आणि वैद्याने न पाहता 'काळजी नको' असे सांगणे.

उपसंहार

नाडी न पाहता औषध देऊ नये, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. अर्ज न पाहता धीर देणे हाही त्याच जातीचा प्रमाद आहे. आमच्या दवाखान्यात आता मे महिन्यापासून प्रत्येक रविवारी सकाळी दोन तास या कामासाठी राखून ठेवलेले असतात. अर्ज मुले स्वतः भरतात, आम्ही शेजारी बसून वाचतो. पुष्टीपत्रे क्रमाने लावण्याचे काम आमचे तेच सहकारी करतात. निघताना प्रत्येक पालकास ते एकच प्रश्न विचारतात, 'नंबर तुमचाच घातला ना?' आपल्या संघटनेच्या प्रत्येक शाखेने उन्हाळ्यात असे दोन तास काढले, तर गावोगावच्या अनेक मुलांचे एकेक वर्ष वाचेल. विज्ञ वाचकांनी याचा विचार करावा, ही विनंती.