लाल अक्षरांना घाबरू नकोस, बाई

अगं, संख्याशास्त्राची पदवी हातात पडली, नोकरी लागली, आणि पहिल्याच आठवड्यात तुला कोणीतरी आर या संगणकभाषेसमोर बसवलं. एंटर मारला की पडद्यावर लाल अक्षरं उमटतात आणि तुझ्या पोटात गोळा येतो, हे तू न सांगताही मला कळतं. म्हणून आज जरा निवांत बोलू.

सगळ्यांत महत्त्वाचं आधीच सांगून टाकते. जी चूक आर ओरडून सांगते, तिची काळजी नको. ती शोधायला थोडा वेळ जातो, पण सापडते. भीती बाळगायची ती आर हूं की चूं न करता नीटनेटकं उत्तर देते तेव्हा. ते उत्तर तक्त्यात जातं, तक्ता अहवालात जातो, आणि अहवालाखाली नाव तुझं असतं.

आर अशी का वागते हे कळायला तिचं घराणं माहीत हवं. आरची आई म्हणजे एस ही भाषा. ती 1976 साली अमेरिकेत बेल लॅब्समध्ये जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केली. संशोधकानं एक ओळ टाइप करावी, उत्तर बघावं, मग पुढची ओळ टाइप करावी, असा तिचा बेत. पुढे न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी 1990 नंतरच्या वर्षांत त्याच वळणाची आर लिहायला घेतली, तिची 1.0.0 ही आवृत्ती 29 फेब्रुवारी 2000 रोजी आली. समोर जाणता माणूस बसलेलाच आहे असं धरून चाललेली ही भाषा. त्यामुळे तुझ्या मनात काय असेल ते ती स्वतःच ताडते आणि पुढे जाते. आज मात्र त्याच ओळी रात्रीतून लाखो नोंदींवर चालतात आणि बघायला कोणी नसतं. तिथे हा समजूतदारपणा अंगाशी येतो.

आता एकेक बघू.

आरमध्ये सुटा आकडा असा नसतोच, एकच आकडा असला तरी तो व्हेक्टर, म्हणजे किमतींची रांग. दोन व्हेक्टर लहानमोठे असले की ती लहान्याला पुन्हा पुन्हा वापरून मोठ्याएवढा करते. मोठ्याची लांबी लहान्याच्या पटीत असेल तर साधा इशाराही देत नाही. यातला सर्वांत फसवा प्रकार हा. समज, सहा नोंदी आहेत आणि जिल्ह्याच्या रकान्यात ओळीनं पुणे, नाशिक, सातारा, पुणे, नाशिक, सातारा असं आहे. तुला पुणे आणि नाशिकच्या नोंदी हव्यात, म्हणून तू दोन बरोबरच्या खुणा देऊन समोर पुणे आणि नाशिक या दोन नावांचा व्हेक्टर ठेवलास. हव्यात चार नोंदी, मिळतील दोन. कारण आर पहिली ओळ पुण्याशी ताडून बघते, दुसरी नाशिकशी, तिसरी पुन्हा पुण्याशी, चौथी नाशिकशी. चौथ्या ओळीत पुणे आहे, पण त्या वेळी नाशिकची पाळी आहे, म्हणून ती गळली. पाचवीचं तेच. सहाला दोननं पूर्ण भाग जातो, त्यामुळे तक्रार नाही. ‘यांपैकी कोणतंही’ असं म्हणायचं असेल तिथे बरोबरच्या खुणा वापरूच नकोस. टक्क्याच्या दोन खुणांमधला ‘इन’ वापर. ही एक सवय लावून घेतलीस तरी निम्मं टळेल.

दुसरा फॅक्टर. वर्गवारीच्या माहितीसाठी तो फार कामाचा, मॉडेल बसवताना त्याच्याशिवाय भागत नाही. पण तो दिसतो एक आणि आत असतो दुसराच. दिसतात नावं, आत साठवलेले असतात 1, 2, 3 असे क्रमांक. वयाचा रकाना घे : 45, 52, 38, आणि चौथ्या ठिकाणी कोणीतरी ‘माहीत नाही’ असं लिहिलंय. त्या एका शेऱ्यामुळे अख्खा रकाना मजकूर ठरला आणि कुठेतरी फॅक्टर झाला. आता त्यावर तू थेट ‘ॲज डॉट न्यूमेरिक’ लावलंस तर हाती काय येतं? 2, 3, 1, 4. सरासरी अडीच! वर्गाच्या गुणांची सरासरी मागावी आणि समोरच्यानं हजेरीपटावरच्या क्रमांकांची काढून द्यावी, तसं हे. अडीच वर्षं हे वय बघून तुला शंका तरी येईल. पण रकान्यात शेकडो वेगवेगळ्या किमती असल्या की क्रमांकही शेकड्यात जातात आणि सरासरी अगदी पटण्याजोगी दिसते. म्हणून फॅक्टरचे आकडे करायचे तर आधी ‘ॲज डॉट कॅरेक्टर’, मग ‘ॲज डॉट न्यूमेरिक’. तेव्हा ‘माहीत नाही’च्या जागी एनए ही न मिळालेल्या किमतीची खूण येते, इशारा मिळतो, आणि उरलेल्या तिघांची सरासरी बरोबर 45 निघते.

तुझ्या वरिष्ठांना विचार, ‘रीड डॉट सीएसव्ही’नं मजकुराचे आपोआप फॅक्टर करण्याचा जाच त्यांनी किती वर्षं सोसला ते. 24 एप्रिल 2020 रोजी आलेल्या 4.0.0 आवृत्तीपासून ते थांबलं. पण ऑफिसात जुन्या स्क्रिप्ट आणि जुन्या साठवलेल्या फायली असतातच, त्यांतून फॅक्टर येत राहतात. तेव्हा गाफील राहू नकोस.

आपल्याकडच्या फायलींची आणखी एक गंमत. आकडे देवनागरीत असतील किंवा सव्वा लाख लिहिताना मधे स्वल्पविराम दिलेले असतील, तर आरच्या लेखी तो आकडाच नव्हे, मजकूर. ‘ॲज डॉट न्यूमेरिक’ लावलंस की सगळ्याचं एनए होईल. इथे निदान इशारा तरी मिळतो, तो वाचायचा कंटाळा करू नकोस. आधी स्वल्पविराम काढ, अंक बदलून घे, मग पुढे जा.

आता एनए. याचा अर्थ ‘नाही’ किंवा शून्य असा घेऊ नकोस, याचा अर्थ ‘ठाऊक नाही’. हे एकदा डोक्यात बसलं की त्याचं वागणं तर्काला धरून आहे हे पटतं. एनए पाचापेक्षा मोठं का? ठाऊक नाही. एनए आणि एनए सारखे का? तेही ठाऊक नाही, म्हणून बरोबरच्या खुणांनी एनए शोधता येत नाही, ‘इज डॉट एनए’च लागतं. पण एनए आणि फॉल्स यांना ‘आणि’नं जोडलंस तर उत्तर फॉल्स येतं, कारण एक बाजू खोटी म्हटल्यावर दुसरी काहीही असली तरी फरक पडत नाही.

तर्क ठीक, पण व्यवहारात ठेच लागते. दहा कुटुंबांची यादी आहे. चौघांचं उत्पन्न 20,000 च्या वर, तिघांचं खाली, तिघांचं लिहिलेलंच नाही. चौकटी कंसात ‘उत्पन्न 20,000 पेक्षा जास्त’ अशी अट घालून ओळी निवडल्यास आणि मोजल्यास, तर आर सात सांगेल. चार खऱ्या आणि तीन नुसत्या एनएनं भरलेल्या. अट ‘व्हिच’मध्ये गुंडाळ किंवा ‘सबसेट’ वापर, मग चारच येतात. डीप्लायर या पॅकेजमधला ‘फिल्टर’ही या तिघांना गाळतो. पण तिथे उलटी मेख आहे : ‘पुणे सोडून बाकी सगळे’ असं म्हणालीस तर जिल्हा न लिहिलेले लोकही तो गुपचूप गाळतो. ‘टेबल’सुद्धा एनए मोजत नाही, ‘यूज एनए’ सांगावं लागतं. आणि सरासरी एनए आली म्हणून वैतागून जिथेतिथे ‘एनए डॉट आरएम’ ट्रू करत सुटू नकोस. आधी मोज, किती जणांची माहिती नाही आणि कोणाची नाही. बहुतेक वेळा खरी बातमी तिथेच असते.

रिकामेपणाही असाच चकवतो. वयाच्या व्हेक्टरमधून 120 च्या वरच्या चुकीच्या नोंदी काढायला अनेकजणी उणे ‘व्हिच’ लिहितात. चुकीच्या नोंदी असतील तोवर छान चालतं. एकही नसेल तर? उणे काहीच नाही म्हणजे आरच्या हिशेबी ‘काहीच निवडू नको’, आणि स्वच्छ फायलीतली सगळी वयं साफ! त्याऐवजी अटीच्या आधी उद्गारचिन्ह देऊन नकार लिही. लूप फिरवताना एक ते लांबी असं लिहिलंस आणि लांबी शून्य निघाली, तर लूप थांबत नाही, आधी 1 आणि मग 0 असा दोनदा फिरतो. ‘सीक अलाँग’ लिहायची सवय ठेव.

आणि ‘सॅम्पल’! सर्वेक्षणाचं काम करत असशील तर हे कान देऊन ऐक. पात्र घरांच्या क्रमांकांतून तू एक घर चिठ्ठीनं निवडतेस. एखाद्या वस्तीत एकच घर पात्र ठरलं, क्रमांक 47. आता ‘सॅम्पल’ला तो एकटा आकडा दिलास की तिला वाटतं तुला 1 ते 47 मधून निवड हवी आहे, आणि ती खुशाल 12 क्रमांकाचं घर काढून देते, जे यादीत नव्हतंच. ही चूक नव्हे, सोय म्हणून ठेवलेली रीत आहे. मदतीच्या पानावर तसा इशाराही आहे, पण ते पान वाचतं कोण? तू वाच.

फंक्शनंही एकाच घरातली असून एका वळणाची नाहीत. ‘सम’ला 4, 8, 12 असे सुटे आकडे दिलेस तर 24 मिळतात. ‘मीन’ला तसेच दिलेस तर उत्तर 4. तिच्या लेखी पहिला आकडा हीच सगळी माहिती, 8 आणि 12 तिनं भलत्याच पर्यायांच्या किमती म्हणून घेतले. डेटा फ्रेममधून, म्हणजे आरमधल्या तक्त्यातून, चौकटी कंसांनी एकच रकाना काढलास की डेटा फ्रेम उरत नाही, व्हेक्टर होतो, आणि पुढची ओळ अडखळते. तिथे ‘ड्रॉप’ फॉल्स कर. डॉलरची खूण देऊन रकान्याचं अर्धवट नाव लिहिलंस तरी जुळणारं एकच नाव असेल तर ती तेच धरते. ‘इफएल्स’मधून तारीख गेली तर बाहेर नुसता आकडा येतो : 15 ऑगस्ट 2024 चे 19950 होतात, म्हणजे 1 जानेवारी 1970 पासूनचे दिवस. आणि अडीचचं पूर्णांकन आर 3 नाही, 2 करते, साडेतीनचं 4. तो घोळ नाही, बरोबर अर्ध्यावर असलेला आकडा जवळच्या सम संख्येकडे नेण्याचा तो ठरलेला नियम आहे.

एवढं ऐकून आरवर राग धरू नकोस. तिला सांभाळणारे लोक हे सगळं जाणतात आणि हळूहळू तिला बोलकी करतायत. ‘इफ’च्या अटीत एकापेक्षा जास्त किमती आल्या तर पूर्वी ती पहिली घेऊन पुढे जायची आणि फार तर इशारा द्यायची, 2022 च्या 4.2.0 आवृत्तीपासून सरळ थांबते. पॅट्रिक बर्न्स यांनी तर या खोड्यांवर दान्तेच्या नरकातल्या वर्तुळांच्या धर्तीवर ‘द आर इन्फर्नो’ हे पुस्तकच लिहिलंय. सवड काढून वाच, हसताहसता शहाणी होशील.

तोवर माझ्या पाच सवयी उचल. फाईल उघडली की आधी ‘एसटीआर’ आणि ‘समरी’ बघ, कोणता रकाना कोणत्या जातीचा आहे ते तोंडपाठ झालं पाहिजे. निवड किंवा जोडणी केली की आधी किती ओळी होत्या आणि नंतर किती उरल्या ते मोज. स्क्रिप्टमध्ये ‘स्टॉप इफ नॉट’ पेरून ठेव : वय 0 ते 120 मध्ये, ओळी इतक्याच, जिल्हा रिकामा नको. रात्री एकटं चालणारं काम असेल तर ‘ऑप्शन्स’मध्ये ‘वॉर्न’ 2 वर ठेव, म्हणजे प्रत्येक इशारा लाल अक्षरांत येऊन काम थांबेल. आणि कोणतंही नवं फंक्शन आधी चार-पाच ओळींच्या अशा माहितीवर चालवून बघ, जिचं उत्तर तुला कागदावर काढता येतं. त्यात एक एनए घाल, एक रिकामा व्हेक्टर दे, एक एकटा आकडा दे.

साहेबांना घाई असेल, ‘आकडा कधी देतेस’ म्हणून मागे लागतील. लागू देत. ओळी मोजल्याशिवाय आकडा कोणाच्या हातात देऊ नकोस. उशीर झाला म्हणून फार तर बोलणी बसतील. चुकीचा आकडा एकदा बाहेर गेला की तो परत बोलावता येत नाही.