सार्वजनिक आरोग्याचे कायदे आणि व्यक्तीचे स्वातंत्र्य

कोलकात्याच्या पूर्वेस, राजारहाटच्या परिसरात, न्यू टाउन नावाचे एक आखीव नगर वसले आहे. जेथे पूर्वी शेते व तळी होती तेथे आज रुंद रस्ते, उंच इमारती आणि उद्याने दिसतात. ह्या नगरात कर्करोगाच्या उपचारासाठी दोन मोठी रुग्णालये आहेत. टाटा मेडिकल सेंटर २०११ साली सुरू झाले. चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या दुसऱ्या आवाराचे उद्घाटन जानेवारी २०२२ मध्ये झाले. मुंबईच्या परळ भागात १९४१ साली उघडलेले टाटा स्मारक रुग्णालय महाराष्ट्रातील वाचकांस परिचित आहेच. पूर्व भारतातील रुग्णांना तसाच आधार येथे मिळतो.

अशा एखाद्या रुग्णालयाजवळच्या बसथांब्यावर तीन माणसे उभी आहेत, अशी आपण कल्पना करू. पहिला विडी ओढीत आहे. त्याचा धूर शेजारी मूल घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या तोंडावर जातो. दुसरा पान चघळीत आहे. त्याने आताच स्वच्छ पदपथावर पिंक टाकली. तिसरा गुटखा तोंडात धरून स्वस्थ बसला आहे. तो थुंकतही नाही आणि कोणाच्या वाटेसही जात नाही. तिघांनाही हटकले, तर तिघेही बहुधा एकच उत्तर देतील: “पैसे माझे, तोंड माझे, ह्यात सरकारने का पडावे?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. जो समाज स्वतःला स्वतंत्र म्हणवितो, त्याला ह्या प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते. मात्र उत्तर एकच आहे, असे समजणे चुकीचे होईल. तिघांचा प्रश्न एक असला, तरी तिघांची प्रकरणे वेगवेगळी आहेत. ती एकेक करून तपासू.

स्वातंत्र्याची सीमा

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल ह्याने १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथात एक कसोटी मांडली. तिचा आशय असा, की प्रौढ माणसावर त्याच्या इच्छेविरुद्ध सक्ती करावयाची, तर ती इतरांस होणारी इजा टाळण्यासाठीच करावी. केवळ त्याच्या स्वतःच्या हितासाठी करू नये. महाराष्ट्रात गोपाळ गणेश आगरकरांच्या विचारांवर मिलचा मोठा प्रभाव होता, हे आपणांस ठाऊक आहे.

भारताच्या राज्यघटनेत ह्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आढळतात. एकविसावे कलम प्रत्येकाच्या जीविताचे व व्यक्तिस्वातंत्र्याचे रक्षण करते. तर सत्तेचाळिसावे कलम लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक मानते. ह्या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा, हे दर वेळी वस्तुस्थिती पाहूनच ठरवावे लागते; आणि वस्तुस्थिती सांगण्याचे काम विज्ञानाचे आहे.

पहिला माणूस: धूर

धूम्रपान करणाऱ्याच्या स्वतःच्या फुप्फुसांस धोका असतो, हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सिद्ध झाले होते. शेजाऱ्यास होणारी इजा सिद्ध होण्यास आणखी काळ जावा लागला. १९८१ साली ताकेशी हिरायामा ह्या जपानी शास्त्रज्ञाने एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. स्वतः कधीही धूम्रपान न करणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची नोंद चौदा वर्षे ठेवण्यात आली होती. ज्यांचे पती फार धूम्रपान करीत, त्या स्त्रियांत फुप्फुसाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण अधिक आढळले. प्रारंभी ह्या निष्कर्षावर पुष्कळ वाद झाला. तथापि पुढे अनेक देशांतील संशोधनाने त्याला पुष्टी दिली. तंबाखूच्या धुरात हजारो रासायनिक द्रव्ये असतात, व त्यांतील काही डझन द्रव्ये कर्करोगास कारण होणारी आहेत. धूर ज्याच्या नाकात शिरतो, त्याची संमती कोणी घेतलेली नसते.

म्हणजे पहिल्या माणसाचे प्रकरण मिलच्या कसोटीस सरळ उतरते. भारतातील न्यायालयांनीही हाच विचार स्वीकारला. १९९९ साली केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक जागी धूम्रपान करणे हे इतरांच्या जीविताच्या हक्कावर आक्रमण आहे असे ठरविले. मुंबईचे मुरली देवरा ह्यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये देशभर तशीच बंदी घालण्याचा आदेश दिला. पुढे २००३ साली संसदेने तंबाखूविषयक कायदा केला, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक स्थळांचे सुधारलेले नियम अमलात आले. बसथांबाही त्यांत येतो. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की हा कायदा विडी ओढणे हा गुन्हा मानीत नाही. दुसऱ्याच्या श्वासात धूर सोडणे तेवढे तो वर्ज्य ठरवितो.

दुसरा माणूस: थुंकी

दुसऱ्या माणसाचे प्रकरण अधिक बोधप्रद आहे. कारण येथे कायदा आधी झाला व त्यामागचे शास्त्र नंतर बदलले.

रॉबर्ट कॉख ह्याने २४ मार्च १८८२ रोजी क्षयरोगाच्या जंतूचा शोध जाहीर केला. रोग्याच्या थुंकीत हे जंतू विपुल असतात. थुंकी वाळून तिची धूळ होते व ती श्वासावाटे इतरांच्या शरीरात जाते, असे त्या काळी मानले जाई. म्हणून १८९६ साली न्यूयॉर्क शहराने सार्वजनिक जागी थुंकण्यास मनाई केली, आणि ती रीत हळूहळू जगभर पसरली. पुढे विल्यम वेल्स व रिचर्ड रायली ह्या अमेरिकन संशोधकांनी निराळेच चित्र उभे केले. बाल्टिमोर येथील एका रुग्णालयात क्षयरोग्यांच्या खोल्यांतील हवा गिनी पिग ह्या प्राण्यांच्या पिंजऱ्यांत सोडण्यात आली. त्यांतील काहींना क्षयाची लागण झाली. जंबुपार किरणांनी शुद्ध केलेली तीच हवा ज्या प्राण्यांना मिळाली, ते मात्र सुरक्षित राहिले. क्षय मुख्यतः पसरतो तो खोकताना व बोलताना उडणाऱ्या, हवेत दीर्घकाळ तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांवाटे, असे ह्यावरून दिसून आले. रस्त्यावर वाळलेली थुंकी हे त्याचे प्रमुख साधन नव्हे.

मग थुंकण्यावरील कायदा निराधार ठरतो काय? तसे नाही, मात्र त्याचा आधार बदलतो. थुंकीत निरनिराळ्या रोगांचे जंतू असू शकतात, व सार्वजनिक जागा घाण करण्याचा हक्क कोणासही नाही. शिवाय पिंकेने होणारे नुकसान डोळ्यांस दिसते. कोलकात्याचा हावडा पूल १९४३ साली वाहतुकीस खुला झाला. त्याच्या टांगत्या खांबांच्या पायथ्याशी बसविलेली पोलादी आवरणे सुमारे सहा मिलिमीटर जाडीची होती. २०११ च्या सुमारास तपासणीत असे आढळले, की पिंकांमुळे अवघ्या चार वर्षांत त्यांची जाडी निम्म्यावर आली आहे. पुढे त्या भागांवर फायबरग्लासची आवरणे चढवावी लागली. एका माणसाची एक पिंक नगण्य. लाखो माणसांच्या पिंका पोलाद झिजवितात. सार्वजनिक सवयींचे गणित असे असते.

गोव्याने १९९७ साली धूम्रपान व थुंकणे ह्यांस आळा घालणारा कायदा केला. पश्चिम बंगालनेही २००१ साली तसाच कायदा केला. २०२० साली करोनाच्या साथीत तर सार्वजनिक जागी थुंकणे देशभर दंडनीय ठरले. तरीही भिंतींचे कोपरे लाल दिसतातच. २०१८ साली दक्षिणेश्वर येथे बांधलेल्या नव्या उन्नत पादचारी मार्गावर उद्घाटनानंतर थोड्याच दिवसांत पिंकांचे डाग पडले. त्यानंतर कोलकाता महानगरपालिकेच्या कायद्यात दुरुस्ती होऊन शहर घाण करण्याबद्दलच्या दंडाची कमाल मर्यादा एक लाख रुपयांवर नेण्यात आली. केवळ दंड वाढविल्याने सवय सुटते, असा मात्र अनुभव नाही. ज्या पदपथावर कचरापेटी नाही, पिकदाणी नाही, हात-तोंड धुण्यास नळ नाही, तेथे दंडाची पाटी लोकांस अन्यायाची वाटते. कायदा पाळण्याचे साधन आधी द्यावे, मग शिक्षा करावी.

तिसरा माणूस: गुटखा

आता तिसऱ्या माणसाकडे वळू. त्याची सवय इतरांस इजा करीत नाही. मग मिलच्या कसोटीप्रमाणे त्याला मोकळे सोडावयास नको काय?

ह्या युक्तिवादात तथ्य आहे, व ते प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. माणसास अपायकारक अशी प्रत्येक गोष्ट सरकार बंद करू लागले, तर उद्या साखर आणि तूप ह्यांवरही पहारा बसेल. तथापि दोन गोष्टी विचारात घ्याव्या लागतात. पहिली अशी, की तंबाखूतील निकोटीन हे द्रव्य मेंदूस व्यसनात गुंतविते. पुष्कळांना ही सवय कोवळ्या वयात, परिणामांची जाण नसताना लागते. त्यामुळे चाळिसाव्या वर्षी ‘मी माझ्या इच्छेने खातो’ असे म्हणणाऱ्याची इच्छा कितपत मोकळी उरली आहे, हा प्रश्न निर्माण होतो. दुसरी अशी, की इजेचे स्वरूप भीषण आहे. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा मानवात कर्करोगास कारण होते, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने दिला आहे. सुपारीच्या सवयीने गालाच्या आतील त्वचा ताठर होऊन तोंड उघडेनासे होते. तोंडाचा कर्करोग हा भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे.

कायद्याने येथे एक मधला मार्ग काढला. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू वा निकोटीन घालता येत नाही. त्या आधारे महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. २०१३ साली पश्चिम बंगालनेही तेच पाऊल उचलले. ही बंदी उत्पादन, साठवण व विक्री ह्यांवर आहे. खाणाऱ्यास ती गुन्हेगार ठरवीत नाही. तसेच अठरा वर्षांखालील मुलांस आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. कायदा व्यसनी माणसाचे तोंड धरीत नाही. तो व्यसन विकणाऱ्याचे दुकान अडवितो.

ह्या मार्गातही उणिवा आहेत. बंदीनंतर पानमसाला व तंबाखू ह्यांच्या दोन निराळ्या पुड्या एकत्र विकल्या जाऊ लागल्या; ग्राहक त्या तळहातावर मिसळून घेतो. तिकडे मुर्शिदाबादेत आणि इकडे सोलापुरात विड्या वळून संसार चालविणाऱ्या असंख्य स्त्रिया आहेत. त्यांना दुसरे काम मिळवून देणे हेही आरोग्यधोरणाचेच अंग मानावयास हवे.

पुण्याचा धडा

कायद्याचा हेतू चांगला असला, म्हणजे सर्व काही साधते असे नाही. ह्याचे सर्वांत कठोर उदाहरण महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस ह्यांनी प्लेगचे निदान केले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला व सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार मिळाले. पुण्यात वॉल्टर रँड ह्याच्या अधिकाराखाली सैनिकांनी घरोघरी झडत्या घेतल्या. देवघरे व स्वयंपाकघरे ह्यांची मर्यादा राहिली नाही. स्त्रियांचा अवमान झाल्याच्या तक्रारी झाल्या. लोकांच्या चीजवस्तू जाळण्यात आल्या. लोक रोगी दडवू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली.

आज मागे वळून पाहता आणखी एक गोष्ट दिसते. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ ह्याने १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखविले, आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे लागली. म्हणजे पुण्यातील झडत्यांच्या वेळी रोगाचे खरे वाहक अधिकाऱ्यांस ठाऊकच नव्हते. ज्ञान अपुरे आणि सक्ती मात्र पुरेपूर, अशी ती स्थिती होती. त्याच साथीत सावित्रीबाई फुले व त्यांचे पुत्र डॉ. यशवंत ह्यांनी पुण्याजवळ रुग्णांसाठी दवाखाना चालविला, आणि रुग्णसेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंना मृत्यू आला. साथ एकच; परंतु एकीकडे सक्ती होती व दुसरीकडे सेवा. लोकांनी विश्वास कोणावर ठेवला, हे सांगावयास नको.

तीन कसोट्या

ह्या सर्व विवेचनातून आरोग्याच्या कोणत्याही कायद्यास लावण्याजोग्या तीन कसोट्या हाती येतात.

पहिली: इजा खरोखर सिद्ध झाली आहे काय? आणि नवे ज्ञान हाती आल्यावर कायदा तपासून पाहण्याची तयारी आहे काय?

दुसरी: बंधन गरजेपुरतेच आहे काय? धूर घराबाहेरच्या बाकावर अडविता येत असेल, तर घरात शिरण्याचे कारण नाही.

तिसरी: गरिबातल्या गरिबासही कायदा पाळता येईल, अशी साधने दिली आहेत काय? आणि तो लहानथोरांस सारखाच लागू होतो काय?

पहिल्या माणसास ‘धूर दूर ने’ असे सांगण्याचा समाजास पूर्ण अधिकार आहे. दुसऱ्यास ‘येथे थुंकू नकोस’ असे सांगताना पिकदाणी कोठे आहे तेही दाखविले पाहिजे. तिसऱ्यास दंड करण्यापेक्षा त्याला पुडी विकणाऱ्यास अडविणे, आणि व्यसन सोडण्यास त्याला हात देणे अधिक न्याय्य होय. स्वातंत्र्य आणि आरोग्य हे एकमेकांचे शत्रू नव्हेत. निरोगी शरीरावाचून स्वातंत्र्याचा उपभोग घेता येत नाही, आणि लोकांच्या स्वेच्छेवाचून आरोग्याचा कोणताही कायदा फार काळ टिकत नाही.

विचारासाठी प्रश्न

१. तुमच्या शाळेपासून शंभर यार्डांचे अंतर पावलांनी मोजा. त्या आत तंबाखूचे पदार्थ विकले जातात काय?

२. तुमच्या गावातील बसस्थानकावर थुंकण्यास मनाई करणाऱ्या पाट्या किती, व कचरापेट्या आणि नळ किती, ह्यांची मोजदाद करा. तिसऱ्या कसोटीवर तुमचे गाव उतरते काय?

३. गुटख्यावरील बंदी मिलच्या कसोटीस धरून आहे काय? दोन्ही बाजू मांडून वर्गात चर्चा करा.