शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आणि आमच्या वर्गातली दप्तरं



आजचा विषय वाचून तुम्हाला वाटेल, हा काही प्राथमिक शाळेचा विषय नव्हे. वैद्यकीय आणि त्याच्याशी जोडलेल्या शाखांमध्ये शिकणाऱ्या मुलांना शेवटच्या टप्प्यात एक संशोधन प्रकल्प करावा लागतो. मुलं त्याला सरळ 'प्रोजेक्ट' म्हणतात. त्याबद्दल मी लिहिणार आहे, कारण असा एक प्रोजेक्ट आमच्या देवनारच्या शाळेत, माझ्याच वर्गात झाला. तो करणारी मुलगी त्यातून शिकलीच, पण तिच्यापेक्षा मीच जास्त शिकले असं मला वाटतं.

ती फाईल घेऊन आली

डी.एड. करून मी नोकरीला लागले तेव्हा मला चौथीचा वर्ग मिळाला होता. त्या वर्गातली एक मुलगी गेल्या वर्षी शाळेत आली. आता ती फिजिओथेरपीच्या पदवीच्या शेवटच्या टप्प्यात आहे. (भारतातलं फिजिओथेरपीचं पहिलं शिक्षणकेंद्र १९५३ मध्ये आपल्या मुंबईतच, केईएम रुग्णालयात सुरू झालं, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं?)

"बाई, मला तुमच्या वर्गाची मदत हवी आहे," ती म्हणाली. प्रोजेक्टचा विषय होता, प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या दप्तराचं वजन आणि पाठदुखी. मी विचारलं, "उत्तर काय येईल असं वाटतं?"

"जड दप्तरामुळे पाठ दुखते, हेच येणार ना बाई!"

"अगं, उत्तर आधीच ठाऊक असेल तर मोजायचं कशाला?"

ती हसली. म्हणाली, "आमच्या गाईड मॅडमही हेच बोलल्या."

प्रोजेक्ट म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे 'प्रकल्प' म्हटलं की स्टेशनरीच्या दुकानातून चित्रांचे तक्ते आणायचे, थर्माकोलवर चिकटवायचे आणि वर नाव लिहायचं. हा प्रोजेक्ट तसा नाही. तिच्या फाईलमधून मला समजलेल्या पायऱ्या अशा:

१) एक छोटा, मोजता येईल असा प्रश्न ठरवणे. 'मुलांचं आरोग्य' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. 'तिसरी-चौथीच्या मुलांच्या दप्तराचं वजन त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या किती टक्के आहे?' हा प्रश्न झाला.
२) आधी कोणी काय केलं आहे ते वाचणे.
३) काय, कधी, कसं, किती मुलांचं मोजणार हे आधीच लिहून काढणे. याला प्रोटोकॉल म्हणतात.
४) तो कॉलेजच्या नैतिकता समितीपुढे, म्हणजे एथिक्स कमिटीपुढे ठेवणे. मंजुरी मिळेपर्यंत एकाही मुलाचं वजन घ्यायचं नाही.
५) शाळेची, शिक्षण विभागाची, पालकांची आणि मुलांची परवानगी घेणे.
६) मोजणे, नोंदवणे, हिशेब करणे, आणि जे आलं ते लिहिणे.

दप्तराच्या बाबतीत मापदंड आधीच ठरलेला आहे. मुंबई उच्च न्यायालयात हा विषय गेल्यानंतर राज्य सरकारने जुलै २०१५ मध्ये शासन निर्णय काढला. त्यानुसार दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणातही हीच मर्यादा आहे, आणि तिसरी ते पाचवीसाठी साधारण १.७ ते २.५ किलो असं वजन दिलं आहे. म्हणजे तुलना कशाशी करायची हे तिला शोधावं लागलं नाही.

देवनार आणि लिहून नेणारी माणसं

आमच्या भागात फॉर्म घेऊन येणाऱ्यांची कमी नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्था इथेच आहे. आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थाही इथेच, गोवंडी स्टेशन रोडला. देशाचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण याच संस्थेच्या देखरेखीखाली होतं. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातल्या पाच वर्षांखालच्या ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी निघाली. आपण हा आकडा पटकन वाचून पुढे जातो. पण त्यामागे कोणीतरी घरोघरी जाऊन, आईची परवानगी घेऊन, एकेका मुलाला उंची मोजायच्या फळीशी उभं केलेलं असतं.

त्यात डम्पिंग ग्राउंड जवळ, वस्ती दाट, आजार जास्त. त्यामुळे प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांना आमची वस्ती सोयीची वाटते. पालकसभेत आमच्या विद्यार्थिनीने विषय मांडला तेव्हा एक आई उभी राहिली. म्हणाली, "मागं पण आले होते, पोरांचं वजन-उंची लिहून नेली. पुढं काय झालं ते आम्हाला कळलंच नाही. तुम्ही लिहून नेता, आम्हाला काय मिळतं?"

सभा गप्प झाली. मला वाटलं, ही पोर आता गडबडणार. तिने खरं उत्तर दिलं. "मावशी, पैसे नाही मिळणार. माझ्या प्रोजेक्टने दप्तर लगेच हलकं होईल असंही मी सांगत नाही. पण जे निघेल ते मी इथेच परत येऊन तुम्हाला सांगेन."

त्या आईने लगेच सही केली नाही. दोन दिवसांनी केली.

संमतीपत्राची भाषा हाही एक धडाच होता. इंग्रजीतून केलेलं मराठी इतकं जड होतं की मला दोनदा वाचावं लागलं. आम्ही दोघींनी बसून ते सोपं केलं: 'तुमच्या मुलाचं आणि दप्तराचं वजन करू. पाठ, मान, खांदा दुखतो का ते विचारू. नाव कुठेही छापणार नाही. नको असेल तर कधीही नाही म्हणा, शाळेत काही फरक पडणार नाही.' बदललेला मजकूर पुन्हा समितीकडून मंजूर करून आणावा लागला. आठवडा गेला, पण पालकांना कळेल असा कागद हातात आला. ज्यांना वाचता येत नाही त्यांना साक्षीदारासमोर वाचून दाखवला आणि मग अंगठा घेतला.

'नाही' म्हणणारा मुलगा

आता जे सांगणार आहे त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांनी सही केली तरी काम संपत नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाला त्याला समजेल अशा शब्दांत सांगून त्याची तोंडी संमती घ्यायची असते. बारा ते अठरा वयात ती लेखी घ्यायची. मला हे माहीतच नव्हतं.

वजन घेताना एक मुलगा काट्याजवळ आला आणि मागे सरकला. "मला नाय मोजायचं." वर्गात तो सगळ्यात बारीक. मी सवयीने म्हणाले, "अरे, ताई एवढ्या लांबून आली आहे, एका मिनिटाचं काम आहे, उभा राहा चल." तो उभा राहणारच होता. बाईंनी सांगितल्यावर मुलं उभी राहतात.

तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "बाई, नको. तो नाही म्हणाला."

तिने त्याला हसून जागेवर जाऊ दिलं आणि वहीत त्याच्या क्रमांकापुढे एक रेघ मारली. तिचा एक आकडा कमी झाला. मला मात्र दिवसभर चैन पडली नाही. इतक्या वर्षांत मी किती मुलांना 'एका मिनिटाचं काम' म्हणून उभं केलं असेल? लस, तपासणी, शिस्त या गोष्टी वेगळ्या. पण ज्यात मुलाचा स्वतःचा फायदा नाही, तिथे त्याच्या 'नाही'ला किंमत असते, हे मला माझ्याच जुन्या विद्यार्थिनीने शिकवलं.

दुसऱ्या दिवसापासून तिने काट्याभोवती पडदा लावला आणि वजन मोठ्याने सांगणं बंद केलं. ही सूचना प्रोटोकॉलमध्ये होती, घाईत राहून गेली होती. चूक तिचीही झाली. तिने ती आपल्या नोंदीत लिहिली.

मोजण्यातल्या गमती

पहिल्या दिवशी दप्तरं आश्चर्य वाटावं इतकी हलकी निघाली. कारण साधं होतं. आदल्या दिवशी मी वर्गात सांगितलं होतं, "उद्या दप्तर मोजणार आहेत." मग काय, मुलांनी अर्धी पुस्तकं घरी ठेवली! म्हणून संमती आधी घेऊन, दिवस न सांगता, वेगवेगळ्या वारी मोजायचं ठरलं. रोज सकाळी काटा शून्यावर आहे का बघायचं, एक किलोचं माप टांगून खात्री करायची आणि पाण्याची बाटली दप्तरातच ठेवून मोजायचं.

मग पाठदुखीचे प्रश्न आले. एका मुलीला तिने विचारलं, "दप्तर घेतल्यावर खांदा दुखतो का?" मुलगी म्हणाली, "दप्तरानं नाय ताई. पाण्याच्या कॅननं दुखतो."

आमच्याकडे अनेक गल्ल्यांत पाणी ठरावीक वेळी येतं आणि भरायला घरातली मुलंही लागतात. हिशेब करून बघा. मुलाचं वजन २५ किलो धरलं तर १० टक्क्यांनी दप्तर अडीच किलोपर्यंत चालतं. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. म्हणजे पाच लिटरचा कॅन पाच किलोचा, दप्तराच्या मर्यादेच्या दुप्पट, आणि तोही एका हातात, एका बाजूला वाकून.

तिच्या प्रश्नावलीत पाण्याचा प्रश्नच नव्हता. मधेच घालताही येईना, कारण मंजूर झालेला प्रोटोकॉल असा मनाने बदलता येत नाही. ती रडवेली झाली. "बाई, माझा प्रोजेक्ट फसला का?"

फसला का?

मी तिला एक गोष्ट सांगितली, तुम्हालाही सांगते. १८६९ मध्ये बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स नावाच्या २१ वर्षांच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने पदवीच्या प्रबंधासाठी स्वादुपिंडाचा अभ्यास केला. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला पेशींचे वेगळेच छोटे पुंजके दिसले. त्यांचं काम काय, हे त्याला सांगता आलं नाही, आणि त्याने तसं प्रबंधात लिहूनही टाकलं. पुढे कळलं की इन्सुलिन याच पुंजक्यांत तयार होतं. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी ते मिळवलं, तेव्हा बेस्टही नुकताच पदवीधर झालेला २२ वर्षांचा तरुण होता. आज त्या पुंजक्यांना लँगरहान्सचंच नाव आहे.

प्रत्येक प्रोजेक्टमधून असा शोध लागत नाही, लागायचीही गरज नाही. पण 'मला हे दिसलं, का ते मला ठाऊक नाही' असं लिहिणं हेही शास्त्रच आहे. तिच्या गाईड मॅडमनीही हेच सांगितलं: पाण्याची गोष्ट अभ्यासाच्या मर्यादांमध्ये लिही, आणि पुढच्या विद्यार्थ्यासाठी प्रश्न म्हणून ठेव. शिवाय एकाच वेळी केलेली मोजणी म्हणजे एक फोटो. फोटोत दप्तरही दिसतं आणि दुखणारी पाठही दिसते, पण कशामुळे काय झालं हे फोटो सांगत नाही. म्हणून तिने शेवटच्या पानावर 'जड दप्तरामुळेच पाठ दुखते' असं लिहिलं नाही.

ती परत आली

पुढच्या पालकसभेला ती एका कागदावर सोपा तक्ता करून घेऊन आली. नावं नाहीत, फक्त वर्गाचं चित्र. तो प्रश्न विचारणारी आई पहिल्या रांगेत होती. ती म्हणाली, "पाण्याचं तर आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं." सगळे हसले, आमची विद्यार्थिनीही हसली.

आम्ही वर्गात जाड वह्या आणि चित्रकलेचं सामान ठेवायला एक कपाट मोकळं केलं. दप्तर दोन्ही खांद्यांवर घ्यायचं आणि कॅन मोठा असेल तर दोन फेऱ्या करायच्या, एवढं तिने मुलांना शिकवलं. नळाला पाणी वाढलं नाही. ते काम प्रोजेक्टचं नव्हतं, पण प्रश्न आता कागदावर आहे.

वर्गात करून बघा (तिसरी ते पाचवी)

१) मुलांना विचारा: दप्तर कोणत्या वारी सगळ्यात जड असतं? आधी अंदाज फळ्यावर लिहा.
२) टांगायच्या काट्याने पाच दिवस दप्तर मोजा. मुलांचं वजन सर्वांसमोर करू नका.
३) ज्याला मोजायचं नाही त्याला नोंदणीचं काम द्या. कारण विचारू नका.
४) तक्ता करा, सरासरी काढा, अंदाजाशी ताडून पाहा.
५) अंदाज चुकला तर टाळ्या वाजवा! चुकलेला अंदाज खोडू नका, तक्त्याशेजारी तसाच ठेवा.

पालकांसाठी दोन शब्द

तुमचं मूल पदवीच्या शेवटच्या वर्षात असेल तर विकत मिळणारा तयार प्रोजेक्ट घेऊ नका. परवानग्यांनाच बराच वेळ जातो, म्हणून लवकर सुरुवात करायला सांगा. एमबीबीएस, बीडीएसच्या मुलांसाठी आयसीएमआरची दोन महिन्यांच्या संशोधनाची विद्यार्थी योजना १९७९ पासून आहे. नव्या चार वर्षांच्या पदवीत पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असतील तर चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग घेता येतो. म्हणजे पुढे आपल्यातल्या कितीतरी मुलांवर ही वेळ येणार आहे. त्याची तयारी तिसरी-चौथीतच होते: नीट मोजायचं, खरं लिहायचं, आणि समोरचा 'नाही' म्हणाला तर ऐकायचं.

तो बारीक मुलगा आता चौथीत आहे. आम्ही वर्गात दप्तरं मोजली तेव्हा काटा धरायला तोच पुढे आला होता.

तुमच्या वर्गात हा उपक्रम करून बघा, आणि मुलं काय म्हणाली ते जरूर कळवा.