चढ छातीचा, उतार गुडघ्यांचा

सदरहून सेमिनरी हिल्सची टेकडी, तेथून फुटाळा तलाव व परत सदर, ही गोल फेरी व्यायामास उत्तम. चढावर दम लागतो म्हणून तोच कठीण वाटतो. गुडघ्यांची परीक्षा मात्र उतारावर होते. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचे वजन रोखून धरतात. म्हणून दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात. उतारावर पावले लहान टाकावीत, गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत. चढताना बोलता येईल इतकाच वेग असावा. छातीत दाब किंवा जबड्यात, हातात कळ आल्यास तेथेच बसावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गोल वाटेवर निम्मे अंतर संपल्यावर मागे फिरण्यात फायदा नसतो. थकवा वाटल्यास त्याआधीच परतावे. उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वी निघावे.