चमत्कार वजा जाता

महाभारतातून शाप, वर आणि चमत्कार वजा केले तर बाकी काय उरते? एस. एल. भैरप्पा यांच्या ‘पर्व’ (१९७९) या कन्नड कादंबरीचा सारा खटाटोप याच प्रश्नासाठी आहे. जामबागेतले आमचे कानडी मित्र ती मुळातून वाचतात. मी आधी उमा कुलकर्णी यांच्या मराठी अनुवादातून वाचली, मग मुळाकडे वळलो. मराठीत इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये या व्यक्तींकडे माणसे म्हणून पाहिले होतेच, पण ते लेख होते, कादंबरी नव्हे.

‘पर्व’मध्ये कुंतीचे देव आकाशातून उतरत नाहीत. ते हिमालयातील एका जमातीचे पुरुष आहेत आणि नियोग पंडूच्या संमतीने घडतो. मंत्र गेला, पण कुंतीच्या मनाची घालमेल हाती आली. हा व्यवहार मला तरी फायद्याचा वाटतो.

युद्धाचे म्हणाल तर, आम्हा वाणिज्यवाल्यांना आकडे दिसले की राहवत नाही. एका अक्षौहिणीत १,०९,३५० पायदळ. अठरा अक्षौहिणींचे १९,६८,३०० होते. माणशी रोज अर्धा किलो धान्य धरले तरी सुमारे ९,८४२ क्विंटल, म्हणजे दहा क्विंटलांच्या जवळजवळ हजार गाड्या रोज! हत्ती, घोडे वेगळेच. पुराणिकबुवा हा हिशेब कधी सांगत नाहीत. भैरप्पा मात्र रणांगणावर शंखनादाबरोबर भूक, मलमूत्र आणि दुर्गंधीही आणतात. भाविकांना ते रुचणार नाही. पण लढणाऱ्यांना पोटे होती.

आता द्रौपदीचे वस्त्रहरण. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत (१९१९–१९६६) तिने केलेली कृष्णाची आळवणी मूळ संहितेतून वगळून टीपांत गेली. वस्त्रे निघत राहतात, ती तशीच राहिली. संपादक उत्तरकालीन भर काढतो, कादंबरीकार न घडण्याजोगे काढतो; दोन्ही कामे निराळी. पण वस्त्रांचा ढीगही दूर सारला की सभेत उरतो तिचा प्रश्न: जो आधी स्वतःलाच हरला, त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार कोठून आला? भारतीय करार कायद्याच्या (१८७२) कलम ३० प्रमाणे पैजेचा करार मुळातच रद्दबातल. त्या सभेत असा कायदा नव्हता. पण भीष्म होते, आणि धर्माची गती सूक्ष्म आहे, एवढेच ते म्हणाले.