नदी-तळ्यांची राखण : मोर्णेपासून घ्यायचा धडा



ऊस म्हटला की पाणी आले. आपल्या वऱ्हाडात कापूस, तूर, सोयाबीन फार, आणि ऊस थोडा. त्याचे कारण जमिनीत नाही, पाण्यात आहे. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या सभासदांना हे सांगायला नको. तिथे विहीर खोदली तर पाणी लागते, पण ते पिता येत नाही आणि पिकाला दिले तर जमीन चोपण होते. अशा मुलखात नदी, नाला, तळे, डोह हेच खरे पाण्याचे धन. ते राखण्यासाठी आपल्याच भागातील शहरांत लोकांनी काय केले, त्यातले काय साधले, काय अपुरे राहिले, आणि त्यातून शेतकरी सभासदाने काय घ्यावे, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

१. पाणथळ म्हणजे काय?

जिथे वर्षभर किंवा वर्षातले काही महिने पाणी साचून राहते, जमीन ओली राहते, ती पाणथळ जागा. तळे, दलदल, नदीकाठचा डोह, धरणाच्या बुडिताची कड, हे सगळे त्यात आले. आपण अशा जागेला पडीक म्हणतो. ‘तिथं काय पिकते?’ असा प्रश्न विचारतो. पण पावसाळ्यात आलेला लोंढा ती जागा अडवते, पाणी हळूहळू जमिनीत मुरवते, गाळ खाली बसवते, आणि काठचे लव्हाळे व पाणकणीस पाण्यातली घाण काही अंशी शोषून घेतात. म्हणजे विहिरीचे पुनर्भरण, पूरनियंत्रण आणि गाळणी अशी तीन कामे ती एकटी करते, तीही फुकट.

जगाला हे उशिरा कळले. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर गावी अनेक देशांनी पाणथळ जागा राखण्याचा करार केला. भारत त्यात १९८२ साली सामील झाला. महाराष्ट्रातील पहिली रामसर जागा म्हणून नाशिक जिल्ह्यातील नांदूर-मधमेश्वर जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाले. त्याच वर्षी बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर, म्हणजे आपल्या वऱ्हाडचे सरोवर, यादीत आले.

नांदूर-मधमेश्वर ऊसवाल्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. ते देवाने घडवलेले तळे नाही. गोदावरीच्या कालव्यांना पाणी वळवण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे बंधारा घातला. त्या कालव्यांवर नगर जिल्ह्यात उसाचे मळे उभे राहिले आणि बंधाऱ्यामागे गाळ साचून पक्ष्यांचे माहेर तयार झाले. शेतीचे पाणी आणि पाखरांचे पाणी एकच असू शकते, याचा हा पुरावा आहे.

२. मोर्णेची गोष्ट

अकोला शहराच्या मधून मोर्णा वाहते आणि पुढे पूर्णेला मिळते. पूर्वी ती बारमाही होती. पुढे प्रवाह हंगामी झाला, शहराचे सांडपाणी पात्रात येऊ लागले आणि त्या पाण्यावर जलकुंभी माजली. पश्चिम महाराष्ट्रात तिला जलपर्णी म्हणतात. पात्रात पाणी कमी आणि हिरवळ जास्त, अशी अवस्था झाली. डास वाढले, दुर्गंधी वाढली.

तेव्हा जिल्हाधिकारी आस्तिककुमार पाण्डेय यांच्या पुढाकाराने मोर्णा स्वच्छता मोहीम आखली गेली. शनिवार, १३ जानेवारी २०१८, संक्रांतीचा आदला दिवस. चार किलोमीटरच्या टप्प्यात चौदा ठिकाणी, दोन्ही काठांवर लोक उतरले. सहा हजारांवर नागरिक आणि शंभरावर संस्था होत्या. त्यात महाविद्यालयाची पोरे होती, शाळकरी मुले होती, आयाबहिणी होत्या, म्हातारेकोतारे होते. २० जानेवारीला पुन्हा काम झाले आणि दर शनिवारी सकाळी ते चालू ठेवायचे ठरले. २८ जानेवारी २०१८ च्या आकाशवाणीवरील ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी या कामाचा उल्लेख केला, त्यामुळे अकोल्याची ही नदी देशभर माहीत झाली.

हे काम मोठेच. पण पाठ शिकायचा तर पुढचेही पाहिले पाहिजे. जलकुंभीने मोर्णेत नंतर पुन्हा डोके वर काढले. लोकांची मेहनत खोटी होती म्हणून नव्हे. कारण वेगळे आहे, ते हिशेबाने समजून घेऊ.

३. जलकुंभीचा हिशेब

ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेची. जांभळ्या फुलासाठी शोभेची म्हणून ती देशोदेशी नेली गेली. तिला बी तर येतेच, शिवाय एका रोपाला धुमारा फुटून शेजारी दुसरे रोप तयार होते. ऊब आणि खत भरपूर मिळाले तर साधारण दोन आठवड्यांत ती दुप्पट होते. गाळात पडलेले बी पंधरा-वीस वर्षेही जिवंत राहू शकते.

आता तळे सोळा आणे धरा. सगळ्या गावाने मिळून पंधरा आणे जलकुंभी काढली आणि एक आणा राहिली. पंधरा दिवसांनी दोन आणे, महिन्याने चार, दीड महिन्याने आठ आणि दोन महिन्यांत पुन्हा सोळा आणे! म्हणून एक दिवसाचे श्रमदान कितीही मोठे असले तरी पुरत नाही. राहिलेला एक आणा दर आठवड्याला वेचणारी दहा माणसे लागतात. अकोलेकरांनी ‘दर शनिवारी’ असे ठरवले, त्यात हेच शहाणपण होते.

दुसरी गोष्ट खताची. जलकुंभीला नत्र आणि स्फुरद लागते. ते सांडपाण्यातून मिळते, तसेच वावरातून वाहून आलेल्या युरियातूनही मिळते. वरची हिरवळ काढली आणि खालचे खत चालूच ठेवले, तर आपण तण काढतो आहोत की तणाचे पीक घेतो आहोत? म्हणून दोन कामे जोडीने झाली पाहिजेत: वरून वेचणी आणि उगमाशी घाण बंद. पहिले काम स्वयंसेवकांचे. दुसरे नगरपालिका, महापालिका, ग्रामपंचायत, कारखाना आणि शेतकऱ्याचे.

४. अमरावतीचे दोन तलाव

अमरावतीला वडाळी आणि छत्री हे दोन जुने तलाव आहेत. इंग्रजी अमलात शहराला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून ते बांधले गेले. पुढे शहर वाढले आणि मोर्शी तालुक्यातील सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी आले. मग जुन्या तलावांची गरज संपली, असे लोकांना वाटू लागले. नळाला पाणी आले की विहीर उकिरडा होते, हे आपण गावोगाव पाहिले आहे. तलावाचेही तसेच होते.

पण शहराच्या बाजूला पोहरा-मालखेडचे जंगल आहे. तिकडच्या टेकड्यांवर झाडोरा टिकला तर पाणी सावकाश उतरते आणि गाळ कमी येतो. शिवाय हिवाळ्यात अमरावती परिसरातील तलावांवर दूरदेशीची बदके आणि पट्टकादंब हंस येतात. तिथले पक्षीमित्र जानेवारीत पाणपक्ष्यांची मोजणी करतात. ‘पाखरं मोजून काय भेटते?’ असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. वजनकाट्याशिवाय ऊस विकता येत नाही, तसे नोंदीशिवाय तलावाची बाजू मांडता येत नाही. दहा वर्षांची वही हातात असली म्हणजे ‘इथे काहीच नव्हते’ असे कोणाला म्हणता येत नाही.

५. कायदा कुठे पुरतो, कुठे नाही

पाणथळ जागांसाठी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. पण त्यांच्या व्याख्येतून नदीचे पात्र वगळले आहे. खास पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले तलावही वगळले आहेत. म्हणजे मोर्णा त्यात बसत नाही, वडाळी-छत्रीचीही तीच अडचण, आणि आपल्या गावचा पाझर तलावही नाही. काठच्या लोकांनी जागे राहण्याची गरज इथेच सर्वांत जास्त आहे.

तरी हात रिकामे नाहीत. पाणी दूषित करण्याविरुद्ध १९७४ चा जलप्रदूषण कायदा आहे आणि त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावतळ्यासारख्या सामाईक जागांवरील अतिक्रमणे हटवण्यास सर्व राज्यांना सांगितले. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि गावची नोंदवही ठेवावी लागते. आपल्या गावची वही कोणाच्या कपाटात आहे, हे ग्रामसभेत विचारायला पैसा लागत नाही.

६. शहराला नावे ठेवण्याआधी

‘नाला गावाचा, सांडपाणी शहराचं, आपल्याले काय करायचं हाये?’ असे बोलणे पारावर ऐकू येते. पण ऊसवाल्यालाही स्वतःचा हिशेब मांडावा लागेल. एक टन उसात सुमारे सातशे लिटर पाणी असते. रस आटवताना त्याची वाफ होते. ती थंड करून वापरली तर कारखान्याला नदीतून उपसा कमी करावा लागतो. याउलट साखरेचा अंश असलेले पाणी नाल्यात गेले, तर जिवाणू ती साखर खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे तडफडून वर येतात. तेव्हा वार्षिक सभेत सभासदाने भावाबरोबर सांडपाण्याचाही प्रश्न विचारावा. विचारणारा कारखान्याचा वैरी नव्हे, मालक आहे.

वावरातही तसेच. पाटाने भरपूर पाणी देऊन वरून युरिया फेकला, की त्यातला बराचसा नाल्याला जातो. पैसा आपला आणि पोसली जलकुंभी! खत हप्त्याने आणि मातीआड द्यावे. ठिबक असेल तर त्यातून द्यावे. नाल्याकडच्या धुऱ्यावर गवताचा पट्टा राखावा. पाचट जाळू नये, सरीत दाबावे.

७. आपल्या गावात काय करता येईल

(१) गावच्या शिवारातील तळी, डोह, नाले आणि गायरान यांची यादी करावी. तलाठ्याकडील नकाशा पाहून हद्द समजून घ्यावी.

(२) दहा जणांचा गट करावा. त्यात बायका आणि शाळेची पोरे असावीत. वार एकच ठरवावा आणि तो मोडू नये.

(३) जलकुंभी फुलण्याआधी मुळासकट काढावी. काठावर टाकू नये, पावसात ती परत जाते. लांब नेऊन सुकवावी, शेण आणि पाचटाबरोबर खड्ड्यात कुजवावी. तिचा बहुतेक भाग पाणीच असतो, त्यामुळे सुकल्यावर वाहतूक सोपी जाते. शहरी किंवा औद्योगिक सांडपाण्यावर वाढलेली जलकुंभी असेल तर तिचे खत वावरात घालण्याआधी तपासून घ्यावे.

(४) गाळ काढताना तळ्याची उथळ कड आणि तिथले लव्हाळे राखावे. सगळे तळे उभ्या भिंतीसारखे कोरू नये. ढोरांना उतरायला आणि पाखरांना चरायला उथळ पाणीच लागते.

(५) एक वही ठेवावी. पाण्याची पातळी, रंग, वास, मासे मेले का, कोणती पाखरे आली, हे तारखेनिशी लिहावे.

अभ्यासासाठी प्रश्न

(अ) आपल्या गावच्या नाल्यात घाण नेमकी कुठून येते? तीन ठिकाणे लिहा.
(ब) तळ्याचा आठवा हिस्सा जलकुंभीने व्यापला आहे. दर पंधरवड्याला ती दुप्पट झाली, तर तळे किती दिवसांत भरेल?
(क) आपल्या बाजूची दोन कारणे आपण बंद करू शकतो. ती कोणती?

शेवटी एक सांगायचे. हे काम वऱ्हाडाला नवे नाही. अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा गावात शिरले की आधी झाडू हाती घेत आणि मग रात्री कीर्तनात लोकांच्या सवयींवर बोलत. झाडू आणि समजावणी, दोन्ही जोडीने. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी श्रमदानाला प्रार्थनेइतका मान दिला. अलीकडे २०१६ साली पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेसाठी राज्यातले तीनच तालुके निवडले गेले, त्यांत आपला वरूड होता. तिथल्या गावांनी उन्हाळ्यात कुदळ-फावडे हाती घेऊन पाणलोटाची कामे केली.

तेव्हा पुढच्या गटसभेला येताना प्रत्येक गावच्या सभासदांनी आपल्या तळ्या-नाल्यांची यादी आणि वरील प्रश्नांची उत्तरे लिहून आणावीत. जिथे दहा माणसांचा गट झाला असेल, त्यांनी आपला वार कोणता ठरला तेही कळवावे.