नैराश्यविरोधी औषधांचा त्याग आणि पादांशिक क्रम

प्रस्तावना

नैराश्य, चिंता वा निद्रानाश यांसाठी मानसोपचारतज्ज्ञांची औषधे घेत असलेले पुष्कळ रुग्ण आपल्याकडेही येतात. 'या गोळ्या सोडवा आणि आयुर्वेदाचे औषध द्या', अशी त्यांची मागणी असते. काही जण तर गोळ्या आधीच बंद करून येतात आणि विचारल्यावाचून ते सांगतही नाहीत. नंतर दिसणारी भ्रम, हृल्लास, अनिद्रा ही लक्षणे मूळ व्याधीची, नव्या व्याधीची की औषधत्यागाची, याचा निर्णय वैद्याला करावा लागतो. निदान चुकले तर चिकित्सा चुकते, आणि मानसरोगात अशा चुकीची किंमत प्रसंगी प्राणांनी मोजावी लागते. म्हणून या विषयाचा विचार प्रत्येक चिकित्सकाने करणे अगत्याचे आहे.

लक्षणसमुच्चय

इमिप्रामिन हे या वर्गातील आद्य औषध. ते अचानक थांबविल्यास त्रास होतो, अशी नोंद १९५९ मध्येच झाली होती. पुढे फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, एसिटॅलोप्रॅम, व्हेनलाफॅक्सिन ही औषधे प्रचारात आली, तेव्हा त्यांच्याबाबतही तोच अनुभव आला. प्रमुख लक्षणे अशी : शिरोभ्रम, तोल जाणे, मळमळ, अंगमर्द, स्वेदाधिक्य, निद्रानाश, भयावह स्वप्ने, चिडचिड, अकारण रडू येणे, अस्वस्थता आणि कंप. डोळे वा मान वळविताना डोक्यातून विजेचा झटका गेल्यासारखे वाटणे, हे लक्षण विशेष ओळखीचे आहे.

२०२४ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री' या नियतकालिकात अनेक अभ्यासांचे एकत्रित परीक्षण प्रसिद्ध झाले. औषध थांबविणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्के रुग्णांत, तर निष्क्रिय गोळी थांबविणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्के रुग्णांत लक्षणे आढळली. म्हणजे खुद्द औषधत्यागामुळे होणारा त्रास सहा-सात जणांत एकाला होतो, असे म्हणता येईल. तीव्र त्रास शंभरात साधारण तिघांना झाला. मात्र यातील अनेक अभ्यासांत औषध अल्पकाळच दिलेले होते. वर्षानुवर्षे औषध घेतलेल्यांत प्रमाण अधिक असू शकते.

औषध शरीरातून जितक्या वेगाने बाहेर पडते, तितकी लक्षणे लवकर येतात. व्हेनलाफॅक्सिनचे रक्तातील प्रमाण सुमारे ५ तासांत निम्मे होते, पॅरॉक्सेटिनचे सुमारे २१ तासांत. त्यामुळे यांचा त्रास एक-दोन दिवसांतच जाणवतो. फ्लुओक्सेटिन व त्यापासून शरीरात बनणारे द्रव्य कित्येक दिवस टिकते. त्याचा त्रास कमी, पण काही आठवड्यांनी उद्भवू शकतो. बहुतेकांची लक्षणे एक-दोन आठवड्यांत शमतात; काहींची मात्र महिनोन्‌महिने रेंगाळतात.

सापेक्षनिदान

१. काल : त्यागजन्य लक्षणे मात्रा घटविल्यावर बहुधा काही दिवसांतच येतात. मूळ व्याधी सहसा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, हळूहळू उलटते.
२. स्वरूप : भ्रम, विजेचे झटके, मळमळ ही शारीर लक्षणे त्यागाकडे बोट दाखवितात. केवळ विषाद, निरुत्साह व अरुची वाढत गेल्यास व्याधीच्या पुनरुद्भवाची शंका घ्यावी.
३. उपशय : औषध पूर्वीच्या मात्रेत पुन्हा सुरू केल्यावर त्यागजन्य लक्षणे बहुधा एक-दोन दिवसांत ओसरतात. मूळ व्याधी इतक्या लवकर शमत नाही.

या लक्षणांना व्यसन म्हणू नये. व्यसनी मनुष्य मद्यासाठी तळमळतो आणि मात्रा वाढवीत जातो. तसे येथे होत नाही. शरीर औषधाला सरावलेले असते, इतकाच याचा अर्थ. रुग्णाला हे समजावून सांगितल्यास त्याची भीती पुष्कळ कमी होते.

शास्त्रविचार

नित्य सेवनाने जे शरीराला मानवते, त्यास चरकाचार्य ओकसात्म्य म्हणतात. सात्म्य झालेले अहितकर द्रव्यही एकदम न सोडता पादांशिक क्रमाने सोडावे, असा उपदेश चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातव्या अध्यायात आहे. अष्टांगहृदयात ऋतुसंधीच्या संदर्भात वाग्भटाचार्यांनीही सहसा त्याग व सहसा सेवन रोगकारक सांगितले आहे. प्रस्तुत लक्षणांत भ्रम, कंप, अनिद्रा ही वातप्रकोपाची आणि स्वेद, क्रोध ही पित्तानुबंधाची चिन्हे स्पष्ट दिसतात.

तथापि येथे दोन गोष्टींचे भान ठेवावे. पहिली, चरकोक्त क्रम अहिताच्या त्यागाचा आहे. ज्या औषधाने रुग्ण आत्मघाताच्या विचारांतून बाहेर आला, ते त्याला हितकर आहे. तेव्हा 'कसे सोडावे' याआधी 'सोडावे काय' हा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर औषध सुरू करणाऱ्या तज्ज्ञानेच द्यावयाचे आहे. रुग्ण बरा वाटू लागल्यानंतरही किमान सहा महिने औषध चालू ठेवावे, असा सर्वसाधारण संकेत आहे.

दुसरी, पाद म्हणजे चतुर्थांश हे गणित येथे जसेच्या तसे लागू पडत नाही. सिटॅलोप्रॅमच्या २० मिलिग्रॅम मात्रेने मेंदूतील सिरोटोनिनवाहकांपैकी सुमारे ८० टक्के व्यापले जातात. ५ मिलिग्रॅमनेही सुमारे ६० टक्के व्यापलेले असतात. म्हणजे पहिले तीन पाद सोडताना जितका फरक पडतो, त्याच्या तिपटीने शेवटचा एक पाद सोडताना पडतो. म्हणून मात्रा जसजशी लहान होईल, तसतशी घट अधिकाधिक सूक्ष्म असावी, अशी मांडणी २०१९ मध्ये होरोविट्झ व टेलर यांनी केली. आरंभीच्या टप्प्यांत त्रास न झाल्यामुळे 'आता बंद केले तरी चालेल' असे वाटते, आणि नेमका तेथेच घात होतो.

गोळी एक दिवसाआड देण्याची पद्धतही त्याज्य आहे. अल्पकाळ टिकणाऱ्या औषधाची पातळी अशाने रोज वरखाली होते आणि रुग्ण वारंवार त्यागलक्षणे भोगतो.

चिकित्सकाचे कर्तव्य

१. प्रथम भेटीतच सर्व गोळ्यांची पाकिटे पाहावीत. एसिटॅलोप्रॅमसह क्लोनाझेपाम असलेली संयुक्त गोळी आपल्याकडे सर्रास दिली जाते. क्लोनाझेपाम दीर्घकाळ घेऊन अचानक थांबविल्यास अपस्मारसदृश झटके येऊ शकतात.
२. चालू औषध स्वतः बंद करू नये, मात्राही बदलू नये. मानसोपचारतज्ज्ञास पत्र द्यावे आणि त्यांच्या योजनेनुसार चालावे. औषध आधीच सुटले असल्यास त्याच दिवशी त्यांच्याशी संपर्क साधावा.
३. निद्रेसाठी सर्पगंधा देऊ नये. तिच्यातील रेसर्पिनमुळे मेंदूतील सिरोटोनिन व तत्सम द्रव्यांचे साठे घटतात आणि नैराश्य बळावू शकते.
४. मात्रा घटविण्याच्या काळात वमन, विरेचन व उपवास टाळावेत. त्यांनी औषधाचे शोषण बिघडते आणि वातही वाढतो.
५. सौम्य अभ्यंग, शिरोभ्यंग, पादाभ्यंग, वेळेवर स्निग्धोष्ण आहार, ठरावीक वेळी निद्रा आणि आश्वासन यांची योजना करावी. हे उपचार साहाय्यक आहेत, औषधाचा पर्याय नव्हेत. अश्वगंधादि द्रव्यांनी मूळ औषधाची उणीव भरून निघेल असे गृहीत धरू नये.
६. आत्मघाताचे विचार, उन्माद किंवा झटके आढळल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. २०२२ पासून कार्यरत असलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक नातेवाइकांस लिहून द्यावा.

उपसंहार

रुग्णाची गोळी सुटली, यावर आयुर्वेदाचा विजय मोजता येत नाही. रुग्ण स्वस्थ राहिला काय, हाच खरा मापदंड आहे. सहसा त्याग करू नये, हे आपल्या आचार्यांनी पूर्वीच सांगून ठेवले आहे. समोरच्या रुग्णाच्या गोळ्यांबाबतही आपण त्या वचनाचे पालन केले, तर त्याचे हित साधेल आणि शास्त्राचीही प्रतिष्ठा राहील.